शेतजमीन संवर्धन सुविधाधिकार (अमेरिका)

शेतजमिनीवर वसाहती, दुकाने किंवा कारखाने उभे करण्याचा हक्क मालकाकडून कायमचा विकत घेऊन जमीन शेतीखाली राखण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्था. या खरेदीचा मोठा भाग सरकारी निधीतून होतो. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. तो ती कसू शकतो, खंडाने देऊ शकतो, गहाण ठेवू शकतो, विकू शकतो आणि वारसांच्या नावे करू शकतो. तिचे तुकडे पाडून भूखंड विकणे मात्र त्याला व त्याच्यानंतरच्या प्रत्येक मालकाला बंद होते. हे बंधन दस्ताने नोंदवले जाते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजाप्रमाणे जमिनीबरोबर पुढे जाते. फरक इतकाच की, हा बोजा फेडून उतरवता येत नाही.

इंग्रजी परंपरेच्या कायद्यात सुविधाधिकार (ईझमेंट) हा सामान्यतः एका जमिनीच्या लाभासाठी दुसऱ्या जमिनीवर असलेला हक्क असतो. शेजाऱ्याच्या शेतातून जाण्याची वाट हे त्याचे नेहमीचे उदाहरण. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या चौथ्या कलमातही तीच कल्पना आहे. शेजारी जमीन नसलेल्या सरकारी खात्याला किंवा धर्मादाय संस्थेला असा हक्क कायमचा धारण करता येईल की नाही, याविषयी अमेरिकी न्यायालयांत संदिग्धता होती. ती दूर करण्यासाठी राज्यांनी स्वतंत्र कायदे केले आणि १९८१ मध्ये त्यांच्यासाठी एक नमुना कायदाही तयार झाला. या कायद्यांमुळेच पुढील खरेदीला भक्कम पाया मिळाला.

खरेदीची गरज का पडली, हे शहरालगतच्या शेतजमिनीच्या अर्थकारणावरून कळते. जमिनीच्या वापराचे विभाग ठरवून बांधकाम रोखता येते, पण ते नियम स्थानिक मंडळाच्या हाती असल्यामुळे पुढचे मंडळ ते बदलू शकते. शिवाय अनेक शेतकऱ्यांची आयुष्यभराची बचत जमिनीतच अडकलेली असते. निवृत्तीच्या वेळी किंवा भावंडांच्या वाटण्या करताना तीच विकावी लागते आणि बिल्डरचा भाव शेतीच्या उत्पन्नाला कधीच परवडत नाही. अशा माणसाला नुसती बंदी घातली तर साऱ्या समाजाच्या हिताचा खर्च एकट्याच्या माथी पडतो. विकासहक्काची किंमत मोजण्यामागील न्याय्य तत्त्व हेच आहे आणि या व्यवस्थेची खरी ताकदही त्यातच आहे.

पहिला प्रयोग न्यूयॉर्क राज्यातील सफोक काउंटीने केला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा उपविभाग). लाँग आयलंडच्या पूर्व भागातील ही बटाट्याची व भाजीपाल्याची जमीन न्यूयॉर्क शहराच्या उपनगरांच्या वाढीत झपाट्याने जात होती. काउंटीने १९७४ मध्ये कायदा केला आणि १९७७ मध्ये पहिले हक्क विकत घेतले. त्याच वर्षी मेरीलँड व मॅसॅच्युसेट्स यांनी राज्यपातळीवर योजना उभारल्या. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीच्या मतदारांनी १९७९ मध्ये ५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. न्यू जर्सी, व्हर्माँट व पेन्सिल्व्हेनिया ही राज्ये १९८० च्या दशकात या मार्गावर आली.

निधीचे मार्ग राज्याराज्यांत वेगळे आहेत. कोठे जनमताने मंजूर झालेले रोखे, कोठे अंदाजपत्रकातील तरतूद, पेन्सिल्व्हेनियात सिगारेटवरील कराचा एक हिस्सा, तर कॅलिफोर्नियात कार्बन उत्सर्जनाच्या परवान्यांच्या लिलावातून आलेला पैसा. मेरीलँडची रीत यांत सर्वांत तर्कशुद्ध म्हणावी लागेल. तेथे मालमत्तांच्या हस्तांतरणावरील कराबरोबरच, शेतजमीन अन्य वापराकडे जाताना आकारला जाणारा खास करही या कामी येतो. म्हणजे एक शेत गेल्यावर दुसरे वाचवण्यासाठी थोडा तरी पैसा जमा होतो. दोष असा की, मालमत्तांचा बाजार थंडावला की निधीही आटतो.

केंद्र सरकार यात १९९६ च्या कृषी विधेयकाने उतरले. त्या वेळची शेतजमीन संरक्षण योजना, गवताळ जमिनींची योजना व पाणथळ जमिनींची योजना यांचे २०१४ मध्ये एकत्रीकरण होऊन ‘ॲग्रिकल्चरल कॉन्झर्व्हेशन ईझमेंट प्रोग्रॅम’ अस्तित्वात आला. कृषी खात्याची नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस तो चालवते. २०१८ च्या कृषी कायद्याने त्यासाठी वर्षाला ४५ कोटी डॉलरची तरतूद केली आणि २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टने आणखी १४० कोटी डॉलर देऊ केले. शेतजमिनीच्या विभागात केंद्र सहसा स्वतः हक्क विकत घेत नाही. राज्य, काउंटी, मूलनिवासी जमाती किंवा भूमी न्यास (जमिनी राखण्यासाठी स्थापन झालेल्या धर्मादाय संस्था) यांना ते सुविधाधिकाराच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि विशेष पर्यावरणीय महत्त्वाच्या गवताळ जमिनींसाठी ७५ टक्क्यांपर्यंत वाटा देते. उरलेली रक्कम त्या संस्थेने उभारायची असते. शेतकऱ्याने किमतीचा काही भाग सोडून दिला, तर तोही हिशेबात धरला जाऊ शकतो. पाणथळ जमिनींच्या विभागात मात्र केंद्र स्वतःच हक्क धारण करते, आणि तेथे उद्देश पीक टिकवण्याचा नसून जमीन पुन्हा पाणथळ करण्याचा असतो.

मोबदला ठरवण्याची पद्धत साधी आहे. मूल्यांकनकार जमिनीची किंमत दोनदा काढतो, एकदा बंधनाविना आणि एकदा बंधनासह. समजा, एखाद्या जमिनीला खुल्या बाजारात एकरी १०,००० डॉलर मिळतात आणि केवळ शेतीसाठी ४,०००. मग सुविधाधिकाराची किंमत एकरी ६,००० डॉलर झाली. त्याआधी अर्जांची प्रतवारी होते. मातीचा कस, क्षेत्राचा आकार, शहरवाढीचा दाब आणि आसपास आधीच राखलेल्या जमिनी यांना गुण दिले जातात. जमिनीवर कर्ज असेल, तर बँकेला आपला गहाणहक्क सुविधाधिकाराच्या मागे ठेवण्यास संमती द्यावी लागते. दस्तात घर, गोठे व गोदामे यांच्यासाठी जागा आखून दिलेली असते. केंद्राचा पैसा असल्यास छत, काँक्रीट यांसारख्या पाणी न मुरणाऱ्या आच्छादनाला साधारणपणे क्षेत्राच्या २ टक्क्यांची मर्यादा असते. सवलत मिळाल्यास ती १० टक्क्यांपर्यंत वाढते. व्यवहाराच्या वेळी जमिनीच्या स्थितीचा नकाशे व छायाचित्रांसह अहवाल तयार होतो आणि पुढे दरवर्षी पाहणी करून त्याच्याशी ताळा घेतला जातो. ही पाहणी खर्चिक व कंटाळवाणी असली, तरी तिच्याशिवाय दस्त कागदावरच राहील.

पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटी हे या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. चुनखडीच्या खडकावर तयार झालेली तेथील माती पूर्व अमेरिकेतील उत्तम मातींत मोडते आणि फिलाडेल्फियाची वाढ तिच्या उंबरठ्यावर आलेली आहे. काउंटीचे मंडळ राज्याच्या व स्वतःच्या निधीतून हक्क विकत घेते. मात्र तेथील बरेच शेतकरी आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे आहेत, आणि सरकारी पैसा घेणे त्यांच्यापैकी अनेकांना धर्माचरणाशी विसंगत वाटते. त्यामुळे १९८८ मध्ये लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट हा खासगी न्यास सुरू झाला. तो या शेतकऱ्यांकडून दानरूपाने किंवा अल्प मोबदल्यात सुविधाधिकार घेतो. सरकारी व खासगी प्रयत्नांच्या या जोडीतून काउंटीत एक लाख एकरांहून अधिक जमीन कायमची राखली गेली आहे. संपूर्ण राज्यात हा आकडा सहा लाख एकरांच्या पुढे गेला आहे.

मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने वेगळी वाट धरली. १९८० मध्ये तिने सुमारे ९३,००० एकरांच्या कृषी राखीव क्षेत्रात २५ एकरांमागे एकच घर बांधता येईल असा नियम केला आणि मालकांना दर ५ एकरांमागे एक विकासहक्क दिला. हे हक्क शहरी भागातील बिल्डर विकत घेऊन आपल्या प्रकल्पात वापरतात, त्यामुळे सरकारी तिजोरीवर भार कमी पडतो. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून परिचित झालेला टीडीआर (हस्तांतरणीय विकासहक्क) याच जातीचा आहे. मात्र तो मुख्यतः सार्वजनिक आरक्षणाखालील भूखंड ताब्यात घेण्यासाठी वापरला गेला. महाराष्ट्रात शेतजमिनीचे रक्षण मुख्यतः बिनशेती परवानगी आणि विकास आराखड्यातील हरित पट्टे यांवर अवलंबून राहिले, म्हणजे बदलू शकणाऱ्या नियमांवरच. विकासहक्क विकत घेऊन शेतकऱ्याला मोबदला देण्याचा विचार नाशिक किंवा पुण्याच्या भोवतालच्या बागायती जमिनींसंदर्भात गंभीरपणे व्हायला हवा.

अमेरिकी व्यवस्थेतही उणिवा आहेत. मागणीच्या मानाने निधी नेहमी अपुरा पडतो आणि पात्र अर्जदारांना ताटकळावे लागते. सहभाग ऐच्छिक असल्यामुळे राखलेली शेते विखुरलेली राहतात. चहूबाजूंनी वसाहती असलेल्या एकट्या शेताला खतविक्रेता, यंत्रदुरुस्ती व बाजार यांचा आधार उरत नाही. सुविधाधिकार दान करणाऱ्यांना आयकरात मिळणाऱ्या सवलतीचाही काही गुंतवणूकदारांनी भागीदारी करून फुगवलेल्या मूल्यांकनांच्या साहाय्याने गैरवापर केला, म्हणून २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) अशा भागीदारींच्या वजावटीवर मर्यादा घातली.

याहून अवघड प्रश्न किमतीचा आहे. विकासहक्क गेल्यावर जमीन शेतकऱ्याच्या आवाक्यात यावी ही अपेक्षा असते, पण निसर्गरम्य भागांत श्रीमंत लोक तीच जमीन घोडे पाळण्यासाठी किंवा प्रशस्त निवासासाठी चढ्या भावाने घेतात. शेत वाचते, शेती मात्र थांबते. त्यावर मॅसॅच्युसेट्स व व्हर्माँट यांनी दस्तात एक जादा कलम घातले. जमीन शेतकरी नसलेल्या ग्राहकाला विकली जात असेल, तर ती शेतीच्या भावाने स्वतः घेण्याचा अथवा पात्र शेतकऱ्याकडे वळवण्याचा पर्याय त्या कलमाने हक्क धारण करणाऱ्या संस्थेला मिळतो. जुन्या दस्तांमध्ये हे कलम नसेल, तर मालकाच्या संमतीने, आणि बहुधा नवा मोबदला देऊनच, ते घालावे लागते.