पाण्याचा आकडा लपवायचा नसतो

पावसाळ्यात नाथसागर भरत आला की जायकवाडीतून गोदावरीत किती क्युसेक पाणी सुटणार, हा आकडा शहागडपासून गंगाखेड, नांदेडपर्यंत सगळ्यांना हवा असतो. तो पेपरात छापून येतो, व्हॉट्सअॅपवर फिरतो, पारावर त्याची चर्चा होते. त्यात गुपित असं काहीच नाही. तरीही धरणावरून नियंत्रण कक्षात आणि तिथून तहसिलीत हा आकडा ज्या जाळ्यातून जातो, ते जाळं सुरक्षितच असावं लागतं. वाटेत कुणी दहा हजाराचे एक लाख केले, तर काठावरची गावं भर रात्री विनाकारण घरं सोडतील. एक लाखाचे दहा हजार केले तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सुरक्षित नेटवर्क म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा कुलूप आणि पासवर्ड येतो. म्हणजे लपवालपवी. पण आखणी करणारे अभियंते आधी विचारतात, या संदेशाचं काय बिघडलं तर नुकसान होईल? भलत्याने वाचला तर, वाटेत बदलला तर, की वेळेवर पोचलाच नाही तर? पाण्याच्या आकड्याला पहिल्याची भीती नाही, उरलेल्या दोन्हींची आहे. जिल्हा रुग्णालयातल्या रुग्णाच्या तपासणी अहवालाला तिन्हींची आहे.

सैन्याचं सगळंच गुप्त, असं आपण धरून चालतो. पण तोफखान्याला कळवलेल्या अक्षांश-रेखांशातला एक आकडा बदलला, तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. तिथे अचूकपणा गुप्ततेच्याही आधी येतो. शिवाय गुपितालाही आयुष्य असतं. आज रात्री कुठला ताफा कुठल्या रस्त्याने जाणार, हे उद्या दुपारनंतर कुणाला कळलं तरी फारसं बिघडत नाही. शत्रूच्या गोटातल्या खबऱ्याचं नाव मात्र तीस वर्षांनीही फुटता कामा नये. म्हणून काही गुपितांची काळजी आजपासूनच घ्यावी लागते. शत्रू आपला सांकेतिक संदेश आज नुसता रेकॉर्ड करून ठेवेल आणि उद्या आजची काही सांकेतिक गणितं फोडू शकणारा मोठा क्वांटम संगणक हाताशी आला की उलगडून वाचेल. त्यालाही दाद देणार नाहीत अशा नव्या सांकेतिक पद्धतींची पहिली मानकं अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केली. ताफ्याच्या संदेशाला त्यांची घाई नाही, खबऱ्याच्या नावाला आहे.

आता एक संदेश जवळून पाहू. समजा, एखाद्या धरणाचा दरवाजा नियंत्रण कक्षातून रेडिओवर हुकूम देऊन उघडता येतो. हुकूम साधा आहे: ‘दरवाजा 10, एक फूट वर.’ हे शब्द उघडपणे हवेतून गेले तरी हरकत नाही. प्रश्न एवढाच की दरवाजाच्या यंत्राने हुकूम खरा कशावरून मानायचा? त्यासाठी दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली ठेवतात. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. पाठवणारा संदेश आणि किल्ली एकत्र करून एका ठरलेल्या गणिती क्रियेतून काढतो, त्यातून 256 बिटांचा, म्हणजे 256 शून्य-एकांचा, एक ठसा निघतो आणि तो संदेशाच्या शेपटाला जोडला जातो. यंत्र आपल्याकडच्या किल्लीने तोच हिशेब पुन्हा करतं. ठसा जुळला तरच मोटर फिरते. ‘एक फूट’चं कुणी ‘नऊ फूट’ केलं, तर ठशातले जवळपास निम्मे बिट वेगळे निघतात, आणि किल्ली हाती नसताना नवा ठसा बनवणं कुणाला जमत नाही.

एवढ्यावर भागत नाही. एखाद्याने कालचा अस्सल हुकूम, त्याच्या अस्सल ठशासकट, रेकॉर्ड करून आज पुन्हा हवेत सोडला तर? ठसा जुळेल, दरवाजा उघडेल. म्हणून प्रत्येक हुकुमात चढता क्रमांक घालतात आणि तो क्रमांकही ठशाच्या हिशेबात धरतात. यंत्राने 4817 पाहिला असेल, तर 4817 किंवा त्याआधीचा क्रमांक आला की ते गप्प बसतं. गोष्ट छोटी आहे, पण अशा छोट्या गोष्टी राहून जातात. 2000 साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मरूची भागात एका असंतुष्ट माणसाने लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन सांडपाण्याच्या पंपांना खोटे हुकूम दिले. सुमारे 8 लाख लिटर मैला ओढ्यांत आणि बागांत गेला. त्याने कुठलंही अवघड कोडं फोडलं नव्हतं. हुकूम कुणाचा आहे, हे पंप विचारतच नव्हते.

किल्ली गुप्त ठेवायची हे ठीक, पण ती गणिती क्रिया? ती उघड असावी. हे 1883 सालीच ऑग्युस्त केरखोफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने एका फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहून ठेवलं: यंत्रणा शत्रूच्या हातात पडली तरी बिघडू नये, गुप्तता किल्लीतच असावी. लोकांना हे अजून पटत नाही. ‘आमची पद्धत कुणालाच माहीत नाही, म्हणून ती भक्कम’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी तरी सावध होतो.

टेट्रा रेडिओचंच पाहा. जगभर पोलीस, विमानतळ, वीज कंपन्या हे वायरलेस संच वापरतात. त्यांच्या सांकेतिक पद्धती अनेक वर्षं गुप्त ठेवलेल्या होत्या. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संच उघडून त्या बाहेर काढल्या. टीईए-1 नावाच्या पद्धतीत किल्ली 80 बिटांची सांगितलेली, पण आत तिची गुपचूप 32 बिटांवर छाटणी केलेली निघाली. 32 बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे 429 कोटी. सेकंदाला दहा कोटी किल्ल्या लावून पाहणारा संगणक त्या 43 सेकंदांत संपवतो. खऱ्याखुऱ्या 80 बिटांना त्याच संगणकाला 38 कोटी वर्षं लागली असती. पद्धत उघड असती, तर ही छाटणी पहिल्याच वर्षी कुणी ना कुणी पकडली असती.

उलट उदाहरण एईएस या सांकेतिक पद्धतीचं. जाहीर स्पर्धा लावून, जगभरच्या गणितज्ञांना फोडून पाहायला देऊन 2001 मध्ये ते मानक झालं. बनवणारे दोघे बेल्जियन. आपल्या बँकेच्या अॅपमध्ये तेच आणि अमेरिकी सरकारच्या अतिगोपनीय कागदपत्रांसाठी मान्यता मिळालेलंही तेच. म्हणजे गणिताच्या पातळीवर नागरी आणि लष्करी असा भेद फारसा उरलेला नाही.

भेद दिसतो तो दुसरीकडे. सैनिकाला काय बोललो हे लपवायचं असतंच, पण बोललो हेही लपवायचं असतं. म्हणून लष्करी संच एका फ्रीक्वेन्सीवर थांबत नाही, सेकंदाला शंभराहून जास्त उड्या मारतो. उड्यांचा क्रम किल्लीतून निघतो आणि दोन्ही संचांची घड्याळं जुळलेली लागतात. ऐकणाऱ्याला नुसती खरखर येते. इतकं करूनही माणसं घोळ घालतातच. स्ट्रावा या व्यायामाच्या अॅपने लोक कुठे कुठे धावतात याचा जागतिक नकाशा काढला आणि जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की ओसाड वाळवंटात मध्येच उजळलेल्या या गोल रेषा म्हणजे लष्करी तळाभोवती सकाळी धावणारे सैनिक. एकही संदेश कुणी फोडला नव्हता.

आपल्याकडे सैन्याच्या ताब्यातला काही स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, नागरी मोबाइल सेवेसाठी मोकळा करायचं ठरलं, तेव्हा त्याच्या बदल्यात तिन्ही दलांसाठी सुमारे 60,000 किलोमीटरचं स्वतंत्र फायबर जाळं टाकायचं काम बीएसएनएलकडे आलं. हवेतलं सोडलं, जमिनीतलं घेतलं.

आणि जमिनीतल्याचा खरा शत्रू हॅकर नाही, जेसीबी आहे. मराठवाड्यात रस्ता रुंदीकरण निघालं, की त्या पट्ट्यातलं इंटरनेट किती वेळा जातं ते कुणालाही विचारा. फायबरसाठी चर साधारण दीड मीटरहून खोल खणायचा असतो. पण आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण लागतो, ठेकेदार घाईत असतो आणि केबल वरच्यावर पुरली जाते. यावर उपाय म्हणून रिंग करतात: एका बाजूने तुटलं तर संदेश उलट्या बाजूने फिरून येतो, आणि चांगल्या यंत्रणेत ही अदलाबदल 50 मिलिसेकंदांत होते. कागदावर रिंग झकास दिसते. प्रत्यक्षात जाणारी आणि येणारी केबल एकाच चरात पुरलेली असते, कारण दुसऱ्या रस्त्याने जायचं तर दुसरा चर खणावा लागतो आणि पैसे तेवढे नसतात. जेसीबीचा एकच दात दोन्ही तोडतो.

अमेरिकेत पॉल बॅरन हा अभियंता 1960 च्या दशकात अणुहल्ल्यानंतरही बोलता येईल असं जाळं शोधत होता. 1964 मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष असा, की केंद्रं जोडायला कमीत कमी लागतात त्याच्या तीन-चार पट जोडण्या ठेवल्या, तर निम्मी केंद्रं उडाली तरी उरलेली बहुतेक एकमेकांशी बोलू शकतात. केंद्रस्थान असं कुठलंच ठेवायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून प्रत्येक तालुक्याला एकेक तार, ही आपली आवडती रचना बरोबर याच्या उलट आहे.

किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. त्यानंतर त्या भागात संदेशवहनाला हात देणाऱ्यांमध्ये हौशी हॅम रेडिओवाले होते. त्यांच्या संचाला टॉवर लागत नाही. बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन बांबूंना ताणलेली तार पुरते. लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. त्यांचं बोलणं कुणीही ऐकू शकतं. त्या दिवसांत तोच त्याचा गुण होता. आज मोबाइलवर एकाएकी कर्कश आवाज करत येणारा आपत्कालीन इशारा, ज्याच्या चाचण्या 2023 मध्ये झाल्या, तोही असाच उघडा आहे. तो एसएमएससारखा एकेका नंबरवर जात नाही. टॉवर एकदाच बोलतो आणि पट्ट्यातले सगळे फोन ऐकतात, त्यामुळे कॉल लागत नसतानाही तो पोचू शकतो. आता त्याला ठशाची जोड हवी, नाहीतर खोटा टॉवर उभा करून खोटा इशारा देता येईल.

उपकरणांचं काय? 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा घाईघाईत वर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. खंदक शाबूत, तट शाबूत, आतलं सामानच भलतं. 15 जून 2021 पासून आपल्याकडे दूरसंचार कंपन्यांना नवीन उपकरणं सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात, ते याच भीतीने.

राहता राहिली माणसं. पूर्वी किल्ली हाताने न्यावी लागायची. 1976 मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकी संशोधकांनी उघड्या तारेवरही दोघांना गुप्त किल्ली ठरवता येईल असं गणित दिलं आणि तो त्रास कमी झाला. पण किल्ली रद्द करणं अजून माणसाच्याच हातात आहे. लष्करी संच शत्रूच्या हाती पडेलसं दिसलं, की एक बटण दाबून त्यातल्या किल्ल्या पुसता येतात. सरकारी कार्यालयात बदली झाली, की चार्ज देताना कपाटाच्या चाव्या, रजिस्टरं, जीपचं लॉगबुक सगळं सही घेऊन दिलं जातं. केव्हाच बदलून गेलेल्या साहेबांचं लॉगिन मात्र चालूच असतं, कारण ते बंद केलं तर रोजचा अहवाल कुणाच्या नावाने पाठवायचा, हे ठरलेलं नसतं.