मर्सिडीजला अपघात झाला तर: दुरुस्तीआधी एवढं वाचा

धडकलेली मर्सिडीज आमच्याकडे आली की ग्राहक हमखास विचारतात, "पत्रा ठोकून, पुटी भरून भागणार नाही का?" मार बंपर-बॉनेटपुरता असेल तर बरेचदा भागतं. पण तो आत चासीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) पोहोचला असेल, तर आम्ही ठोकाठोकीला साफ नकार देतो. का, ते या गाडीच्या इतिहासातच आहे.

जर्मनीतल्या मानहाइमच्या कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट नोंदवलं. दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन त्याच मोटारीचं सुधारित रूप शंभर किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला घेऊन गेल्या. वाटेत तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकवर चांभाराकडून चामडं बसवून घेतलं. बेंझ आणि डाइम्लर या कंपन्या १९२६ साली एक झाल्या. 'मर्सिडीज' हे मात्र डाइम्लरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक यांच्या मुलीचं नाव.

आमच्या कामाशी खरा संबंध मर्सिडीजच्या बेला बारेन्यी या अभियंत्याचा. गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, असं तेव्हा सगळेच धरून चालत. आजही जुन्या गाडीला "रणगाडा आहे!" म्हणून दाद मिळतेच. पण कडक गाडी जागच्या जागी थांबते आणि सगळा हिसका आतल्या माणसाला बसतो. बारेन्यींनी १९५१ साली पेटंटसाठी मांडलेली कल्पना अशी, की पुढचा-मागचा भाग चेपू द्यायचा आणि माणसं बसतात तो मधला भाग भक्कम ठेवायचा. पुढचा भाग अर्धा मीटर चेपला, तर माणसाला थांबायला तेवढं जास्त अंतर मिळतं. १९५९ च्या मर्सिडीज गाड्यांच्या डब्ल्यू १११ मालिकेत हे प्रत्यक्षात उतरलं. त्याच वर्षी झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्या मुद्दाम धडकवून तपासायला सुरुवात झाली.

आता आमच्या पुण्याचं. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ साली इथे आली, पुढच्या वर्षी टेल्कोच्या (नंतरच्या टाटा मोटर्सच्या) पिंपरीच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली आणि २००९ पासून चाकणला स्वतंत्र कारखाना आहे.

आजच्या बॉडीत दारांमधल्या खांबासारखे काही भाग खास पोलादाचे असतात. सुमारे ९०० अंशांना तापवलेला पत्रा साच्यात दाबून तिथेच झटकन थंड करतात, त्यातून ती ताकद येते. त्यावर गॅसची ज्योत मारली की ताकद जाते. रंग चढल्यावर मात्र बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून असा भाग आम्ही बदलतोच. एकदा चेपलेली पुढची चासी ठोकून सरळ केली, तर नंतरच्या धडकेत ती ठरल्याप्रमाणे चेपेल याची खात्री उरत नाही. तुमची मुलं त्याच गाडीत बसणार असतात, त्यामुळे यात आम्ही तडजोड करत नाही.

विम्याचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. एअरबॅग उघडली असेल, तर सीटबेल्टचे ताणक (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे भाग) तपासून घ्या. बदललेले जुने भाग आम्ही तुम्हाला दाखवतो, ते पाहूनच बिल चुकतं करा.