नव्या आर्किटेक्चरवर कर्नलची स्वयंचलित चाचणी: पार्श्वभूमी

नव्या प्रोसेसर आर्किटेक्चरचा, म्हणजे प्रोसेसरच्या नव्या सूचनासंचाचा, कोड लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) दाखल झाला की लगोलग त्याच्या रोजच्या स्वयंचलित चाचण्याही सुरू व्हाव्यात, असे आज सगळेच गृहीत धरतात. ही अपेक्षा तशी अलीकडची. १९९५ मध्ये १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स ही आर्किटेक्चर आली, तेव्हा चाचणी म्हणजे ज्याच्या टेबलावर ते यंत्र असेल त्याने नवे कर्नल चढवून पाहायचे आणि बिघडले तर मेल टाकायचा, एवढेच होते. पुढे एलटीपीसारखे (लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट) चाचणीसंच आले. पण ते कुणी, कशावर आणि किती वेळा चालवायचे, हे कुणीच ठरवलेले नव्हते.

खरी गरज भासली ती मोबाइल आणि छोट्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या एआरएम आर्किटेक्चरमुळे. बोर्डांचे इतके प्रकार बाजारात आले की एकाच पॅचने (कोडमधल्या बदलाने) एक बोर्ड सुधारायचे आणि दुसरे बूट होईनासे व्हायचे. २०१४ च्या सुमारास काहींनी बोर्डांचे ढीग रचले: प्रत्येकाला सिरियल कन्सोल, वीज तोडायला-जोडायला रिले आणि नेटवर्कवरून कर्नल चढवण्याची सोय. रोज नवे कर्नल बांधायचे, सगळीकडे बूट करायचे, कुठे अडकले ते कळवायचे. आजच्या बहुतेक व्यवस्थांचा सांगाडा हाच आहे.

याच काळात एक वेगळी रीतही रुजत होती, आणि पुढचा सगळा वाद तिच्यातून निघतो. ६४-बिट एआरएमचा कोड डिसेंबर २०१२ मध्ये ३.७ आवृत्तीत आला, तेव्हा दुकानात मिळणारी चिपच नव्हती. कर्नल उभे राहिले ते सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या प्रोसेसरवर.

२०१८ हे वर्ष या विषयात सगळ्यात बोलके म्हणावे लागेल. जानेवारीत ४.१५ आवृत्तीत रिस्क-फाइव्ह हे सर्वांसाठी खुले आर्किटेक्चर आले. फेब्रुवारीत जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत सी लायब्ररीच्या २.२७ मध्ये त्याच्या ६४-बिट रूपाला जागा मिळाली आणि एप्रिलमध्ये क्यूएमू या इम्युलेटरच्या (एका यंत्रावर दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) २.१२ मध्ये त्याचे इम्युलेशन आले. मात्र ४.१५ मधला कोड गाभ्यापुरताच होता. टायमर आणि इंटरप्ट कंट्रोलरचे ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये यायला ४.१९ उजाडले, म्हणजे मधल्या आवृत्त्यांवर ‘चाचणी’ याचा अर्थ कंपाइल होते की नाही, एवढाच. त्याच वर्षी जूनमध्ये ४.१७ मधून तब्बल आठ जुनी आर्किटेक्चर काढून टाकण्यात आली. नव्या कर्नलवर ती कुणी वापरत असल्याची खूण उरली नव्हती, काहींचा कंपायलरही मुख्य प्रवाहातून गेला होता. कोड कर्नलच्या स्रोतसंचात होता, पण कुणी बूट करत नव्हते. नव्या पोर्टकडे (नव्या आर्किटेक्चरसाठी केलेल्या कर्नलच्या रूपाकडे) पहिल्या दिवसापासून बूट-चाचणी मागण्याचा आग्रह वाढला, त्यामागे ही सफाई नक्कीच आहे.

आता वादाचा मुद्दा. रिस्क-फाइव्हची चाचणी क्यूएमूवर उभी करायची की बोर्डांवर? २०१८ मध्ये लिनक्स चालवणारे बोर्ड होते, पण महाग आणि मोजके. त्यामुळे निर्णय जवळजवळ आपोआप इम्युलेटरच्या बाजूने लागला आणि पुढे तोच चालत राहिला. त्याचे फायदे खरे आहेत. एका सर्व्हरवर डझनावारी यंत्रे चालतात, एसडी कार्ड मरत नाही, आणि कुठल्याही बोर्डावर नसलेली वैशिष्ट्ये हवी तशी चालू-बंद करता येतात. पाच पातळ्यांचे पेज टेबल (मेमरीचे पत्ते शोधण्याचे तक्ते) क्यूएमूवर आधी चालले, खऱ्या चिपची वाट पाहावी लागली नाही.

तोट्यांबद्दल मात्र पुरेसे बोलले गेले नाही. कर्नल चालता चालता स्वतःच्याच सूचना बदलते. ट्रेसिंगसाठी (काय चालले आहे ते नोंदवण्यासाठी), स्टॅटिक कीसाठी (कोडमधल्या चालू-बंद कळांसाठी). रिस्क-फाइव्हवर असा बदल केल्यावर ‘फेन्स.आय’ ही सूचना द्यावी लागते, नाहीतर कोअर जुनाच कोड चालवत राहू शकतो. ती विसरली तर क्यूएमूवर सहसा काहीच होत नाही, कारण क्यूएमू रिस्क-फाइव्हच्या सूचनांचे यजमान यंत्राच्या सूचनांत भाषांतर करून ठेवते, आणि भाषांतर केलेल्या पानावर कुणी लिहिले की क्यूएमू ते भाषांतर स्वतःहून टाकून देते. खऱ्या चिपवर तोच कोड कधीतरी, भलत्याच ठिकाणी कोसळतो. मेमरीतल्या वाचन-लेखनाच्या क्रमाचेही तेच. रिस्क-फाइव्हचे नियम सैल, पण खालचे यजमान यंत्र बहुधा एक्स८६, ज्याचे नियम कडक. मग विसरलेला बॅरियर (क्रम सक्तीने पाळायला लावणारी सूचना) झाकला जातो. टीएलबीचा (पेज टेबलमधल्या नोंदी चिपमध्ये साठवणाऱ्या कॅशचा) प्रश्न आणखी सूक्ष्म आहे: रिस्क-फाइव्हमध्ये अवैध नोंदीही चिपला साठवून ठेवता येतात, क्यूएमू तसे करत नाही. आणि सरळ न जुळलेल्या पत्त्यावरून वाचणे क्यूएमू निमूटपणे करून देते, तर काही चिपवर तिथे ट्रॅप होऊन (काम अर्ध्यात थांबून) फर्मवेअरला ते काम करावे लागते.

उलट बाजूने खोटे इशारेही येतात. कर्नलमध्ये आरसीयू (सामायिक माहिती सुरक्षितपणे बदलण्याची यंत्रणा) अडकल्याचा इशारा मूळ मांडणीत २१ सेकंदांनी येतो. सर्व्हरवर भार चढला आणि इम्युलेटरच्या धाग्याला तेवढा वेळ पाळी मिळाली नाही की लॉगमध्ये तो इशारा उमटतो. मग असे इशारे चाळून फेकायची सवय लागते, आणि खरा अडकलेला कोअरही त्या गाळात जातो. इम्युलेटरवरचा हिरवा निकाल ही पहिली पायरी म्हणून ठीक. पण अनेक वर्षे तोच शेवटचा शब्द धरला गेला. बोर्डांसाठी खर्च करायला उशीर झाला, हे मान्य करायला हवे.

चाचणीसंचांची अडचण वेगळ्याच जातीची. नव्या आर्किटेक्चरना जुने सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याचे मार्ग) दिले जात नाहीत: ‘ओपन’ नाही, ‘ओपनॅट’ आहे, ‘फोर्क’ नाही, ‘क्लोन’ आहे. ३२-बिट रिस्क-फाइव्हला तर ३२-बिट वेळेचे कॉलच मिळाले नाहीत, कारण २०३८ चा प्रश्न (त्या वर्षी ३२-बिट वेळेची मोजणी संपते) नव्याने ओढवून घ्यायचा नव्हता. जुन्या चाचण्या थेट क्रमांकाने कॉल करत, त्यामुळे सुरुवातीच्या अपयशांच्या यादीतला बराचसा भाग कर्नलचा दोष नसून चाचणीचाच असायचा. ही यादी हाताने निवडत बसणे हे पोर्ट करणाऱ्याचे सगळ्यात कंटाळवाणे काम. चीनमधून आलेले लूंगआर्च जुलै २०२२ मध्ये ५.१९ आवृत्तीत आले, तेव्हा त्यात फाइलची माहिती घेण्यासाठी फक्त ‘स्टॅटएक्स’ ठेवला होता. तो कॉल फाइलच्या नावासाठी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेतो आणि ब्राउझरच्या सँडबॉक्सला (कॉलवर पहारा ठेवणाऱ्या कुंपणाला) पॉइंटरमागचे तपासता येत नाही, म्हणून ब्राउझर अडले. जुने कॉल ६.११ मध्ये परत आणावे लागले. कर्नलच्या चाचण्यांत यातले काहीच लाल झाले नव्हते.

अलीकडच्या वर्षांत रिस्क-फाइव्हच्या पॅचवर विलीन होण्यापूर्वीच बॉट धावतो, ३२ आणि ६४-बिट दोन्ही बांधून पाहतो आणि निकाल कळवतो. बोर्डही स्वस्त झाले, प्रयोगशाळांत त्यांची संख्या वाढली. तेवढ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये आरव्हीए२३ ही रिस्क-फाइव्ह चिपमध्ये असायलाच हव्यात अशा वैशिष्ट्यांची नवी पातळी पक्की झाली. एका मोठ्या लिनक्स वितरणाने २०२५ मधल्या आवृत्तीसाठी तीच किमान अट ठरवली, तेव्हा ती पूर्ण करणारे बोर्ड बाजारात जवळजवळ नव्हतेच. ती आवृत्ती चालवून पाहायला बहुतेकांच्या हाताशी पुन्हा क्यूएमूच होते.