गावातली फिल्म लोकांना दाखवायचीय? सेन्सॉर सर्टिफिकेट, हरकती आणि 'तोंडी बंदी' यांची सगळी माहिती

शिमगा जवळ आला की मला फोन सुरू होतात, कारण आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता प्रत्येक वाडीत एकतरी पोरगा नाहीतर पोरगी मोबाईलवर शॉर्ट फिल्म करतेय, आणि विषय काय तर पालखी, जत्रा, उरूस, देवराई, जुनं चर्च, म्हणजे कुठेतरी देवधर्म येतोच. मग प्रश्न ठरलेले. सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं का, कुठे मिळतं, आणि कोणी म्हणालं की आमच्या भावना दुखावल्या तर काय करायचं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितोय, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा, कारण खरी गडबड सर्टिफिकेट मिळाल्यानंतरच होते.

आधी लागतं कोणाला ते. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे आणि त्याप्रमाणे चारचौघांत, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी फिल्म दाखवायची तर सर्टिफिकेट हवंच. तिकीट नाही लावलं म्हणून सूट मिळते असा आपल्याकडे सगळ्यांचा समज आहे, तो चुकीचा आहे. देवळाच्या सभामंडपात पडदा लावून फुकट दाखवली तरी ते सार्वजनिकच. सर्टिफिकेट नसताना दाखवलीत तर कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. फक्त यूट्यूबवर टाकायची असेल तर हे सर्टिफिकेट लागत नाही, तिथे २०२१ चे आयटी रूल्स, म्हणजे इंटरनेटवरच्या मजकुराचे नियम, आणि बाकीचे फौजदारी कायदे लागू होतात. फिल्म फेस्टिव्हलला पाठवणार असाल तर आयोजक केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात, ते त्यांचं काम, पण ती सूट त्या फेस्टिव्हलपुरतीच, ती दाखवून गावात शो लावता येत नाही. नाटकाचं पूर्ण वेगळं, त्याची संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, त्यात इथे शिरत नाही.

अर्ज कोण करू शकतं? निर्माता, किंवा ज्याच्याकडे फिल्मचे हक्क आहेत तो, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस. कंपनीच पाहिजे असं काही नाही, एकट्या माणसाच्या नावाने होतं. मात्र चारपाच मित्रांनी पैसे काढून केलेली फिल्म असेल तर निर्माता म्हणून कोणाचं नाव जाणार ते आधी साध्या करारावर लिहून घ्या, नंतर मैत्री तुटते आणि अर्ज अडकतो, हे मी दोनदा बघितलंय. फिल्म पूर्ण झालेली हवी, टायटल, म्युझिक, सबटायटल सगळं लावून, कारण सेन्सॉर बोर्ड (केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ) जे बघतं त्यालाच सर्टिफिकेट मिळतं आणि नंतर एक शॉट जरी आत-बाहेर केला तरी बोर्डाला कळवून मंजुरी घ्यावी लागते.

अर्ज ऑनलाईन, ई-सिनेप्रमाण नावाचं पोर्टल आहे, त्यावर आधी स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि मग फिल्मचं. बोर्डाची देशभरात ९ रिजनल ऑफिसं आहेत, आपल्याला मुंबई. कागद म्हणाल तर पॅन-आधार, फिल्मचा सारांश, पूर्ण संवाद लिहून काढलेली संहिता, गाणी असली तर त्यांचे शब्द, श्रेयनामावली, नावाच्या नोंदणीचं पत्र (मराठीसाठी बरेचजण कोल्हापूरच्या चित्रपट महामंडळाकडून घेतात), आणि तुम्ही स्वतः निर्माते नसाल तर अधिकारपत्र. बैल, घोडा, कोंबडा, काहीही जनावर कामाला लावलं असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं एनओसी, आणि हे शूटिंगच्या आधीपासून बघायचं असतं. आपल्याकडे नांगरणीच्या सीनशिवाय फिल्म होत नाही आणि नेमकं हेच सगळे विसरतात. कोणी विडी ओढताना दिसत असेल तर तंबाखूविरोधी सूचना लावूनच द्या. फी फिल्मच्या लांबीवर असते, पोर्टलवरच भरायची. पोर्टलची यादी अधूनमधून बदलते म्हणून अर्ज करायच्या दिवशी तिथली यादी परत एकदा बघा.

मग फिल्म एक्झामिनिंग कमिटीपुढे जाते. लांब फिल्मला जास्त मेंबर बसतात, शॉर्ट फिल्मला कमी. २०२४ च्या नवीन नियमांप्रमाणे कमिटीत बायकांचं प्रमाण किमान एक तृतीयांश हवं आणि शक्यतो निम्मं. बघून झालं की ते सुचवतात, यू (सगळ्यांसाठी) द्यायचं, यूए (लहान मुलांनी आईवडिलांच्या सल्ल्याने बघायचं) द्यायचं की ए (फक्त मोठ्यांसाठी). २०२३ च्या दुरुस्तीपासून यूएचे तीन भाग झालेत, ७ वर्षांपुढे, १३ पुढे आणि १६ पुढे. ही वयं आईवडिलांना कळावीत म्हणून आहेत, पोराला दारात अडवायला नाहीत. डॉक्टर वगैरे ठराविक लोकांसाठी एस असतं ते सोडा. कट सुचवले तर ते लेखी येतात, तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायची संधी असते. पटलं नाही तर रिव्हायजिंग कमिटी, म्हणजे फिल्म परत बघणारी बोर्डाचीच दुसरी कमिटी. तिथेही पटलं नाही तर पूर्वी ट्रिब्युनल होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद केलं, आता ३० दिवसांत थेट हायकोर्टात अपील. गरीब पोरांसाठी हे वाईटच झालं असं माझं स्पष्ट मत आहे, ट्रिब्युनलमध्ये निवृत्त जज आणि जाणकार लोक कमी खर्चात ऐकून घ्यायचे, हायकोर्टात वकील लावायचा म्हणजे फिल्मच्या बजेटपेक्षा जास्त पैसे. एक चांगलं झालं, सर्टिफिकेटची १० वर्षांची मुदत गेली, आता ते कायमचं.

आता धर्माचा मुद्दा. कमिटी काय बघते? कायद्यात कारणं दिलेली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी अशी, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर कुठली बंधनं घालता येतात ते सांगणाऱ्या घटनेच्या कलम १९(२) मधलीच. शिवाय १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात धार्मिक गटांची तुच्छता करणारी दृश्यं किंवा शब्द नकोत, जातीय तेढ वाढवणारं नको असं आहे, पण त्याच तत्त्वांत असंही आहे की कलेच्या स्वातंत्र्यावर उगाच बंधन येऊ नये आणि फिल्म पूर्ण बघून तिचा एकूण परिणाम काय होतो ते बघावं. हे वाक्य पाठ करून ठेवा. देव दाखवला, पीर दाखवला, पाद्री चुकताना दाखवला म्हणून फिल्म अडत नाही, तुच्छता आहे का ते बघतात.

आमची गोष्ट सांगतो. २६ मिनिटांची फिल्म केली होती, शिमग्यात आमच्या गावची पालखी पिराच्या जाग्यावर थांबते आणि तिथे नारळ देतात, त्यावर. एका बाईंच्या अंगात अवसर येतो तो सीन आम्ही जवळून घेतला होता, चेहरा स्पष्ट. एक म्हातारे मानकरी मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "पालखी आमची, देव आमचा, तुला कोणी सांगितलान दाखवायला?" मोहल्ल्यातल्या एका चाचांचं म्हणणं वेगळंच, पिराच्या जाग्यावर कॅमेरावाला चपला घालून उभा होता आणि त्याची सावली शॉटमध्ये दिसते. आम्ही दोघांकडेही गेलो, ओसरीवर बसून लॅपटॉपवर पूर्ण फिल्म दाखवली. चपलांचा शॉट काढला, तो काढायलाच हवा होता. अवसराच्या सीनमध्ये त्या बाईंच्या घरच्यांना विचारलं, ते म्हणाले चेहरा नको, तर पाठमोरा शॉट वापरला. पालखी थांबते तो सीन मात्र ठेवला, कारण फिल्मच ती होती, आणि पूर्ण बघितल्यावर मानकरी काही बोलले नाहीत, चहा घेऊनच जा म्हणाले.

एवढं करूनही शोच्या आदल्या संध्याकाळी हॉलवाल्याचा फोन आला, वरनं सांगितलंय लावू नका. वर म्हणजे कोण? सांगता येणार नाही. कागद आहे का? नाही. आम्ही पोस्टर काढली आणि घरी आलो. सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा आमच्याकडे सर्टिफिकेटच नव्हतं, त्यामुळे भांडायला पायाखाली जमीनच नव्हती. त्यानंतर ८ महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन त्याच हॉलमध्ये फिल्म लावली, अंधश्रद्धेचा प्रचार नाही अशी सुरुवातीला पाटी टाकायला बोर्डाने सांगितली होती, ती टाकली.

म्हणून हे नीट समजून घ्या की बंदी कोण घालू शकतं. थिएटरचं लायसन्स महाराष्ट्रात १९५३ च्या सिनेमा कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर देतात, आणि शांतता भंग होण्याचा खरा धोका असला तर प्रशासन शो थांबवायचा आदेश काढू शकतं, जमावबंदीही लावू शकतं. पण तो आदेश असतो, त्याला तारीख, सही आणि कारण असतं. हॉलवाले तोंडी निरोपाला घाबरतात ते याच लायसन्सपायी, त्यांना परत त्याच ऑफिसात जायचं असतं, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. तुम्ही एवढंच करायचं, नम्रपणे म्हणायचं, साहेब, लेखी द्या. लेखी आलं की कोर्टात जाता येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना तर आता मुंबईला पळायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, रायगडला मुंबईच. आणि लेखी देतच नसतील तर तुम्ही त्यांना लेखी द्या: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक नंबरवरून शो बंद करायला सांगितलं, असा काही आदेश आहे का ते कळवावं. आवक शिक्का मारून पोच घ्या.

तोंडी बंदीवर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. २०१९ मध्ये बंगालमध्ये 'भविष्यतेर भूत' ही सर्टिफिकेट मिळालेली फिल्म रिलीजच्या दुसऱ्या दिवशीच बहुतेक थिएटरमधून गायब झाली, आदेश कुठेच नाही. कोर्टाने राज्य सरकारला निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्याच्या खूप आधी, १९८९ मध्ये एस. रंगराजन केसमध्ये कोर्टाने सांगितलं होतं की मोर्चे आणि दंगलीच्या धमक्या येतात म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, फिल्म आणि धोका यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट हवा, आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणं हे सरकारचंच काम. २०१८ ला 'पद्मावत'वरच्या राज्यांच्या बंद्या याच विचाराने थांबवल्या. आपल्या शेजारच्या गोव्यात २००६ मध्ये 'दा विंची कोड' अडवली होती, बोर्डाने तिला ए देऊन पास केलेलं असताना, आणि तशीच बंदी आंध्र आणि तमिळनाडूत हायकोर्टांनी रद्द केली. ख्रिश्चनांच्या भावनांचा मुद्दा असो, राजपुतांचा असो की मुसलमानांचा, नियम एकच लागला पाहिजे, आपल्या माणसाच्या फिल्मला स्वातंत्र्य आणि दुसऱ्याच्या फिल्मला बंदी असं चालणार नाही.

आता हे हरकत असलेल्यांसाठी, कारण त्यांनाही दरवाजे आहेत आणि ते कोणी त्यांना सांगत नाही. फिल्म बघून, कुठला सीन, कितव्या मिनिटाला, नेमकं काय खटकलं असं लिहून बोर्डाच्या रिजनल ऑफिसला तक्रार पाठवता येते. हायकोर्टात जाता येतं. मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान केलाय असं वाटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे, जुनं २९५-अ, पण त्यात हेतू सिद्ध व्हावा लागतो, नकळत किंवा निष्काळजीपणे झालेलं त्यात बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आणि कोर्टाने दखल घ्यायच्या आधी सरकारची मंजुरी लागते. गेटवर उभं राहून घोषणा देणं, फिल्म बघू नका असं सांगणं, हाही हक्कच आहे. प्रेक्षकाला अडवणं, पडदा फाडणं हा गुन्हा. ट्रेलर बघून तक्रार करू नका एवढी कळकळीची विनंती, पूर्ण फिल्म बघा, न दाखवणारा निर्माता भेटला तर मला सांगा, मी त्याला समजावतो.

शेवटी शोच्या दिवशीची फाईल. सर्टिफिकेटच्या दोन्ही भागांची कॉपी, दुसऱ्या भागात कट लिहिलेले असतात तो भाग लोक घरी विसरतात, तो आणा. फीची पावती, हॉलचं बुकिंग, पोलीस स्टेशनला शोबद्दल दिलेल्या पत्राची पोच, आठवडाभर आधी द्या. उघड्यावर पडदा लावणार तर जागामालकाची संमती आणि लाऊडस्पीकरची परवानगी, रात्री १० ला आवाज बंद. ज्यांच्या देवळात, दर्ग्यात, चर्चमध्ये शूट केलं त्यांचं संमतीपत्र, आणि त्यांच्यातल्या दोघातिघांना पहिल्या रांगेत बसवा. अर्ज शिमग्याच्या किमान तीन महिने आधी टाका, म्हणजे दिवाळी झाली की लगेच बसा.