बायफोकल, आयटी की व्होकेशनल? अकरावीला प्रात्यक्षिकाचा विषय घेणाऱ्यांचे अर्ज कुठे अडकतात

"इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचंय" असं दहावी झालेलं मूल सांगतं, तेव्हा मी आधी विचारतो, बायफोकलमधलं की व्होकेशनलमधलं? बहुतेक घरांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच ठाऊक नसतं. चूक इथेच होते. कागदपत्रांचा गोंधळ त्यानंतरचा.

बायफोकल, म्हणजे परिपत्रकातला 'द्विलक्षी' विषय, हा एकटाच 200 गुणांचा असतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर 100-100 गुणांचे दोन पेपर, आणि प्रत्येकात निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे. हे 200 गुण कुठून येतात, ते कुणी नीट सांगत नाही. दुसरी भाषा जाते (मराठी, हिंदी, संस्कृत, जी असेल ती) आणि तिच्याबरोबर आणखी एक विषय जातो, बहुधा जीवशास्त्र. उरतात इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित. म्हणून 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा किंवा बीएस्सी नर्सिंग मनात असलेल्या मुलीनं गणित-बायफोकलची जोडी घेऊ नये. "नंतर बघू" असं म्हणून घेतलेला विषय बारावीत बदलून मिळत नाही, तो दोन्ही वर्षांचा असतो. इंजिनिअरिंगला मात्र याची अडचण नाही. महाराष्ट्रात भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहे, तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा तांत्रिक-व्यावसायिक विषय चालतो. या तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात, राखीवला 40.

आयटीची गोष्ट निराळी. तो 100 गुणांचा विषय, फक्त दुसऱ्या भाषेच्या जागी येतो. जीवशास्त्र ठेवून संगणकाचं काही शिकायचं असेल त्यांनी हाच पाहावा.

एचएससी व्होकेशनल ही तर वेगळी शाखाच आहे, पूर्वीची एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम. इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल, कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी, हॉर्टिकल्चर, मेडिकल लॅब टेक्निशियन असे अभ्यासक्रम आणि भर हातच्या कामावर. मुलं कार्यशाळेत रमतात, शिक्षणही चांगलं आहे. पण यात भौतिकशास्त्र-गणिताचे विज्ञान शाखेसारखे पेपर नसतात, त्यामुळे बारावीनंतर थेट सीईटीतून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. तांत्रिक गटातल्या मुलांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे, शिवाय शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 'टेक्निशियन व्होकेशनल' म्हणून भत्त्यासह कारखान्यात काम शिकता येतं. दोन्ही रस्ते मोलाचे आहेत, फक्त ते प्रवेशाआधी माहीत हवेत.

आता अर्ज. 2025-26 पासून सगळ्या राज्याचे अकरावी प्रवेश एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. भाग एकमध्ये माहिती आणि कागदपत्रं, भाग दोनमध्ये पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. भाग एक भरायला सोपा आहे, त्यातल्या कागदांकडे शेवटी येऊ. आधी भाग दोन.

पसंतीक्रमात एकाच कॉलेजचं नाव दोन-तीनदा दिसतं. नाव तेच, पण सांकेतांक वेगळा, कारण एक ओळ अनुदानित तुकडीची, दुसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. माध्यमही बदलतं. पालक नाव वाचून टिक करतात आणि फीचा आकडा प्रवेश घेताना समोर येतो. प्रत्येक ओळ शेवटपर्यंत वाचा. आणि ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायची तयारी नाही ते पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. दरवर्षी चांगल्या गुणांची मुलं यात अडकतात, आणि तेव्हा खिडकीवरचा माणूसही काही करू शकत नाही.

विज्ञानाला जागा मिळाली म्हणजे बायफोकल मिळालं, असंही धरू नका. त्याच्या जागा मोजक्या असतात आणि गुणवत्तेनुसार भरतात. पसंतीक्रम भरण्याआधीच कॉलेजात जाऊन विचारा की नेमका कुठला विषय आहे, जागा किती, त्याची फी वेगळी आहे का आणि तो प्रवेशाच्या कोणत्या टप्प्यावर देतात. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. बंद मीटर आणि धूळ खाणारी टेबलं दिसली, तर उत्तर तिथेच मिळतं.

कागदांत सगळ्यात जास्त रखडतं ते नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी या प्रवर्गांना जातीच्या दाखल्याबरोबर हे प्रमाणपत्रही लागतं. जातीचा दाखला जोडून पालक निर्धास्त होतात आणि अर्ज त्रुटीत जातो. त्यासाठी आई-वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. तलाठी, तहसील, सेतू या फेऱ्यांत आठवडे जातात, आणि जूनमध्ये तर सेतूसमोर रांगच हलत नाही. मुदत 31 मार्चला संपते, म्हणून जुनं प्रमाणपत्र काढून तारीख पाहा. गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नाही. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही त्या-त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं. निकालाची वाट न पाहता परीक्षा संपताच या प्रमाणपत्रांसाठी अर्ज टाका आणि पावती जपून ठेवा.

एवढं सगळं जमवूनही नावातल्या एका अक्षरासाठी मुलं परत येतात. गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं, कुठे आजोबांचं नाव घुसलेलं. तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा, आणि शाळेच्या नोंदीत चूक असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घेण्याआधीच ती दुरुस्त करून घ्या. दाखला हातात आल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जाते.