विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही

‘उदास माणसाला जीव द्यायचे विचार येतात का, असं चुकूनही विचारू नका, नसलेलं डोक्यात भरतं.’ हा सल्ला आपल्या कोकणात वाड्यावाड्यांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागे काळजीच आहे, पण तो खरा नाही.

असा विचार बाहेरून आलेल्या एका प्रश्नाने रुजत नाही. तीव्र निराशा, वेदना, कर्ज, नशा, एकटेपण यांतून तो आधीच आलेला असतो. ज्याला तो येतो, तो लाजेने किंवा भीतीने गप्प बसतो. वाडीत सगळे एकमेकांचे नातेवाईक. बोललं की मुलीच्या स्थळापर्यंत गोष्ट जाणार, ही धास्ती खोटी नाही. म्हणूनच कुणी शांतपणे विचारलं तर बहुतेकांना मोकळं वाटतं. या प्रश्नाने धोका वाढतो का, हे अभ्यासांतून तपासलं गेलंय. तसं आढळलेलं नाही.

पडताळायचं असेल तर कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. नैराश्याच्या तपासणीत हा प्रश्न ते स्वतःच, स्पष्ट शब्दांत विचारतात.

पोलिसांच्या भीतीनेही घरं गप्प राहतात. पण 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आधी गृहीत धरलं जातं.

विचारताना माजघरात गर्दी नको, एकट्याला गाठा. उत्तर ‘हो’ आलं तर देवाला गाऱ्हाणं घाला हवं तर, पण डॉक्टर टाळू नका, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. 14416 हा मानसिक आधाराचा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.