क्लॅम्प आवळला, तरी तेल गळतंच

ऑइल कूलरच्या पाइपातून तेल गळायला लागलं की पहिला उपाय सगळ्यांचा एकच असतो: पाना घ्यायचा आणि नट किंवा क्लॅम्प अजून थोडा आवळायचा. गंमत म्हणजे तो लागूही पडतो. सांधा कोरडा होतो, काही दिवस जमिनीवर डाग पडत नाही आणि मग एके सकाळी तेल परत हजर. पुन्हा आवळा, पुन्हा थोडे दिवस शांतता. अशा काही फेऱ्यांनंतर एक तर आटे जातात, नाहीतर क्लॅम्पची पट्टी रबर कापत आत रुतते आणि जिथे नुसता पाझर होता तिथे धार लागते. सांध्यातलं रबर उलटं ढकलेनासं झालेलं असतं, आणि ते गेलेलं बळ पान्याने परत आणता येत नाही.

इंजिन ऑइल वंगणाबरोबरच उष्णता वाहून नेण्याचंही काम करतं. पिस्टनच्या बुडाची आणि बेअरिंगांची उष्णता तेच उचलतं. चालत्या गाडीत त्याचं तापमान साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअस असतं. लांब चढावर किंवा ओझं ओढताना त्याच्याही वर जातं. म्हणून काही गाड्यांत हे तेल पुढच्या जाळीमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवून आणतात. जायला एक पाइप, यायला एक. सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते. काहींत तेल इंजिनालाच चिकटलेल्या डब्यात कूलंटकडून थंड होतं, तिथे बाहेर पाइपच नसतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे असे पाइप मात्र बऱ्याच गाड्यांत सापडतात, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू आहे.

कूलर गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो आणि इंजिन रबरी माउंटिंगवर सतत हलत असतं. दोघांना अखंड धातूचा पाइप जोडला तर तो थरथरून तडकणार. त्यामुळे मधला तुकडा रबराचा, दोन्ही टोकं धातूची, आणि रबर जिथे धातूवर चढतं तिथे एक धातूची कॉलर यंत्राने दाबून बसवलेली, अशी रचना असते. गंजून किंवा कुठेतरी घासून धातूचा पाइपच भोकसला जाण्याचे प्रकार होतात, पण गळतीची नेहमीची जागा म्हणजे ही कॉलर किंवा टोकाची ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारं गोल रबरी कडं. गाडी हलते तेव्हा सगळा पीळ तिथेच येतो. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि रबर त्या पोलादाच्या दहापटीहून जास्त. गाडी गार झाली की रबरच सगळ्यांत जास्त आकसतं. रात्री उभ्या असलेल्या गाडीखाली डाग दिसण्यात या आकसण्याचाही हात असतो.

आत दाब किती असतो? गरम इंजिन जागेवर फिरत असताना १ बारच्या (साधारण हवेच्या दाबाइतक्या) आसपास, वेगात साधारण ३ ते ५ बार. दाबापेक्षाही मोठा फरक पडतो तो तेलाच्या पातळपणाने. ५डब्ल्यू-३० प्रतीचं तेल ४० अंशांना जितकं दाट असतं, त्याच्या साधारण एक षष्ठांश दाटपणा १०० अंशांना उरतो. अरुंद फटीतून वाहणारं तेल दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात आणि फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट. काल दिसेना अशी गळती आज थेंबांवर का आली, याचं उत्तर या घनात आहे. आणि थेंब क्षुल्लक समजू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे तासाला ८० ते १०० मिली तेल, आणि छोट्या गाडीच्या इंजिनात एकूण तेल असतं तीन-चार लिटर.

आता रबराकडे वळू. व्हल्कनाइझ केलेल्या रबरात रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात आणि त्या जागोजागी गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. रबर दाबलं की साखळ्या सरकतात, सोडलं की पूल त्यांना जागेवर ओढून आणतात. सांधा बंद राहतो तो या ओढीमुळे. पण रबर वर्षानुवर्षं दाबलेलं आणि तापलेलं राहिलं तर काही जुने पूल तुटतात आणि दाबलेल्या अवस्थेतच नवे जुळतात. नव्या पुलांच्या लेखी दाबलेला आकार हाच मूळ आकार. बसायच्या जागी गादीला जसा कायमचा खळगा पडतो, तसं हे. तापमान १० अंशांनी वाढलं की हे म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, असा ढोबळ हिशेब रबरवाले धरतात.

घट्ट आवळल्यावर काही दिवस गळती थांबते ती का, हेही यातच आलं. अजून थोडं दाबल्यावर रबरात उरलीसुरली ओढ जागी होते. पण त्या जास्तीच्या दाबाखाली तेच रबर आणखी लवकर बसतं.

जुनी ओ-रिंग खाचेतून काढून उजेडात धरली तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. नव्या रिंगचा छेद गोल असतो. हिच्या दोन्ही बाजू चपट्या झालेल्या असतात आणि त्या सपाट पट्ट्यांना काचेसारखी चकाकी आलेली असते. दोन बोटांत वाकवली की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा उघडतात, कधी कधी कटकन तुटतेच.

या साध्या दिसणाऱ्या रिंगमागे एक सुंदर युक्ती आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सन यांनी तिच्या पेटंटसाठी १९३७ साली अर्ज केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. पेटंट १९३९ मध्ये मिळालं. खाच अशी कापायची की रिंग बसवताना तिचा छेद साधारण १५ ते ३० टक्के दाबला जावा. मग तेलाचा दाब आला की तो रिंगला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो. रबर वाकतं, पसरतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. ते द्रवासारखा दाब सगळ्या दिशांना पोहोचवतं. म्हणून रिंग धातूला ज्या जोराने भिडते तो जोर तेलाच्या दाबापेक्षा नेहमी थोडा वरचढ राहतो. किती वरचढ? सुरुवातीला दाबून बसवताना जितका दिला तितकाच. रबर बसलं की ही आघाडी शून्यावर येते आणि तेलाला वाट मिळते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी गळतीचं खरं ठिकाण शोधायला हवं, आणि इथे बहुतेकांची आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. गाडी चालताना वारा तेलाला मागे नेतो, पाइपाच्या पोटावरून ते घरंगळतं आणि सांध्यापासून हातभर लांब, सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून ठिबकतं. म्हणून आधी गार इंजिनावर डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव) मारून सगळा भाग धुवायचा, वाळवायचा आणि संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. इंजिन चालवल्यावर पावडरीवर जिथे पहिली ओली रेघ उमटते ते मूळ. तेलात मिसळायचा खास रंगही मिळतो. अतिनील टॉर्चचा उजेड पडला की तो पिवळसर हिरवा चमकतो आणि केसाएवढी चीरही लपत नाही. एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत तेल साधारण ८० अंशांपर्यंत तापल्याशिवाय थर्मोस्टॅट ते कूलरकडे सोडतच नाही. पाच मिनिटं इंजिन चालवून ‘सगळं कोरडं आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. सपाट जमिनीवर, स्टँडवर टेकवूनच. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, खाली ट्रे ठेवा, हातमोजे घाला. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून एक्झॉस्टजवळची गळती ‘नंतर बघू’ या यादीत टाकू नका.

ओ-रिंगच गेली असेल तर काम सोपं आणि स्वस्त. नट सोडवताना मात्र दोन पाने लागतात: एकाने कूलरच्या तोंडावरचा षटकोन धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. कूलरचं तोंड पातळ ॲल्युमिनियमचं असतं. एकाच पान्याने जोर लावला की नट राहतो तिथेच आणि तोंडच पिळवटतं. मग रिंगच्या किमतीत होणारं काम कूलरच्या किमतीत जातं. नवी रिंग मापाने तंतोतंत तीच हवी, आणि बसवण्याआधी तिला तेलाचं बोट लावायचं. कोरडी रिंग आटे आवळताना पीळ खाते आणि कापली जाते.

रिंग कशाची हवी, हा प्रश्न मापाइतकाच महत्त्वाचा. पाण्याच्या पाइपासाठी वापरतात ते ईपीडीएम रबर गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल त्याच्या रेणूंमध्ये शिरून त्याला फुगवतं आणि लिबलिबीत करतं. दोघंही मुळात हायड्रोकार्बन, त्यामुळे एकमेकांत सहज मिसळतात. हीटरचा उरलेला होज (रबरी नळी) ऑइल लाइनला लावू नये तो याचसाठी. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेल्या नायट्राइल रबरात ॲक्रिलोनायट्राइलचे ध्रुवीय घटक असतात. तेलाला त्यांच्याशी जुळवून घेता येत नाही. नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत दीर्घकाळ टिकतं. त्याहून गरम जागी एफकेएम, म्हणजे बाजारात व्हायटॉन नावाने ओळखलं जाणारं रबर, बरं. ते २०० अंशांच्या आसपासही तग धरतं. किंमत जास्त असते, पण एवढ्याशा रिंगवर कंजुषी करण्यासारखं काही नाही.

इथे टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना हात जोडून विनंती. या सांध्यांत आटे तेल अडवत नाहीत, ते फक्त दोन भाग एकमेकांवर दाबून धरतात. अडवण्याचं काम ओ-रिंग, तांब्याचं वायसर किंवा नळीचं तिरकं फुललेलं तोंड करतं. आट्यांवर टेप लावून गळतीत काही फरक पडत नाही. उलट तिचा फाटलेला धागा तेलाबरोबर जाऊन इंजिनातल्या अरुंद वाटेत अडकू शकतो. तांब्याचं वायसर एकदा दबलं की कडक होतं, म्हणून नवंच घालावं. तिरक्या तोंडाच्या जोडणीत कोन बघा: ३७ अंशांचे आणि ४५ अंशांचे असे दोन प्रकार असतात. ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात एका बारीक रेषेवर, आणि तिथून पाझरणार हे ठरलेलंच.

गळती कॉलरमधून असेल तर सरळ आख्खा पाइप बदलावा, असं माझं मत. पाइप मिळतच नसेल तर रबराचा तुकडा बदलता येतो. कॉलर लांबीच्या दिशेने हॅकसॉने अर्धवट कापून स्क्रू-ड्रायव्हरने उकलायची, आणि इथे घाई नडते: पातं आतल्या धातूच्या नळीला लागलं तर तिच्यावर लांबट ओरखडा पडतो आणि तो ओरखडा म्हणजे तेलासाठी आयता कालवा. नळीच्या टोकावरच्या कड्या शाबूत असतील तरच पुढे जा. गुळगुळीत नळीवरून होज दाबाखाली निसटू शकतो. होज तेलासाठीचा, दाब आणि तापमान त्याच्यावर छापलेलं असलेला घ्या. क्लॅम्प आतून सपाट पट्टीचा असावा. फटी असलेल्या साध्या क्लॅम्पमध्ये रबर फटींतून वर येतं आणि कापलं जातं. लोखंडाचा कीस आत गेला नाही याची खात्री करून मगच पाइप जोडा.

हा जुगाड पॉवर स्टिअरिंगच्या दाबाच्या पाइपावर चुकूनही करू नका. तिथे दाब ८० ते १०० बारपर्यंत जातो. क्लॅम्पची तिथे काही पत्रास नाही. ब्रेकचे पाइप तर विषयच नको.

जोडणी झाली की इंजिन जागेवरच चालू करा आणि तेलाचा लाल दिवा विझतो का ते बघा. तो दिवा दाबाचा असतो, पातळीचा नव्हे. तो चालत्या गाडीत लागेपर्यंत बरंच तेल गेलेलं असतं. रिकामा कूलर भरताना पातळी उतरते, म्हणून इंजिन बंद करून डिपस्टिक बघा आणि लागेल तेवढं तेल घाला. मग गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि क्लॅम्प एकदा, एकदाच, हलकेच आवळा. नवं रबर पहिल्या तापण्यात थोडं बसतं आणि तेवढी भरपाई लागते. त्यानंतरही तोच सांधा ओला दिसला तर पाना खाली ठेवा, होज उतरवा आणि नळीचं टोक बोटाने चाचपून बघा. ओरखडा असेल किंवा नळी किंचित लंबगोल झालेली असेल तर त्यावर कुठलाही होज, कुठलाही क्लॅम्प टिकणार नाही. तिथे आख्खा पाइपच घ्यावा लागतो.